सब्जेक्ट मैना

मानसशास्त्राच्या प्रॅक्टिकलला प्रत्येकाला एक सब्जेक्ट लागतो, म्हणून अमरावतीला एम.ए. करणारी प्रणाली डिसेंबरात अकोल्याला घरी आली आणि आईसमोरच वही उघडून बसली.

"माणसाच्या गरजा पायरीपायरीनं वाढत जातात, आई. लहानपणापासून तुले काय काय पाहिजे होतं, ते सारं सांग."

मैनाबाईंना हे आजवर कोणी विचारलंच नव्हतं. तुरीच्या शेंगा सोलत त्या तीन दुपारी बोलत राहिल्या. तिसऱ्या दुपारी तर नवऱ्यालाही कधी न सांगितलेलं सांगून बसल्या. लग्नाआधी त्यांचा नर्सिंगला नंबर लागला होता, आणि प्रवेशाचं ते पत्र बापाने चुलीत टाकलं होतं.

मग जिवाला घोर लागला. "तुह्या बाबानं वाचलं तं?"

"मॅडमशिवाय कोणीच वाचत नाही, आई."

परवा प्रणाली पंचवीसपैकी चोवीस मार्क घेऊन आली. ती अंघोळीला गेल्यावर मैनाबाईंनी चष्मा लावून तिचं प्रॅक्टिकलचं जर्नल उघडलं. ते पत्र, ती चूल, कुठेच सापडेना.

"पोरी, माह्यं नर्सिंगचं कुठी लिहिलं तू?"

"एवढं लिहायले टाइम कोणाजवळ होता?" आतून आवाज आला. "सिनियरच्या जर्नलमधून उतरवलं. सारेच उतरवतात."

मैनाबाईंनी शेवटचं पान उलटलं.



पोरीच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'सब्जेक्ट मैना, वय ५४, गृहिणी. सर्व गरजा पूर्ण. कोणतीही इच्छा बाकी नाही.'