सोमलीयाडीचा गळा

"किती घोगरं गाऊन राह्यली वं याडी! लग्नापर्यंत गळा नीट कर बाप्पा!" नवरीची आई बसंतीबाई कुरकुरली.

घाटंजीजवळच्या आमच्या तांड्यात सासरी निघालेली नवरी एकेकाच्या गळ्यात पडून ढावलो गाते, म्हणजे सुरात रडते. आईजवळ काय म्हणून रडायचं, भावाजवळ काय, हे प्रत्येक नवरीला शिकवायची ती म्हातारी सोमलीयाडीच. आमच्या बंजारा बोलीत याडी म्हणजे आई, आणि सारा तांडा तिला याडीच म्हणायचा. महाराष्ट्र झाला त्या साली तिच्या गळ्यात गाठ आली. कोणी ज्येष्ठमध आणून दिलं, कोणी हळदीचं दूध. गाठ वाढत गेली, तसे लोक तिच्याशी बोलताना दुसरीकडे पाहू लागले.

"एवढं जमनीचं लग्न निपटू दे, मंग यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात नेऊ," बसंतीबाई म्हणाली. त्याआधी तांड्यातल्या रूपलीच्या लग्नात रूपलीची आईही हेच म्हणाली होती.

पाठवणीच्या दिवशी याडीचा आवाजच फुटला नाही. ती नुसती ओठ हलवत बसली. जमनी मात्र आईबापाजवळ, भावाजवळ शिकवल्यासारखी बिनचूक गायली आणि शेवटी याडीच्या गळ्यात पडली. तिथं म्हणायची ओळ ठरलेली होती: मी लांब चालले, मला विसरू नका.

जमनीनं सूर तोच धरला, ओळ मात्र सोडून दिली.



"मी त दिवाळीले माहेरी येईन, याडी. तू नसशीन."