मास्कआडचे व्याही

पुरुषांची ताकद परत आणणाऱ्या यंत्राची जाहिरात वाचून शामराव मास्क लावून सांगलीच्या त्या क्लिनिकमध्ये बसले होते. शेजारच्या मास्कवाल्याला जोरात शिंक आली आणि त्याचा मास्क घसरला. ते शामरावांचे व्याही हणमंतराव निघाले. लग्नातल्या मानपानावरून दोघांचा अबोला होता.

“गुडघे दाखवायला आलो,” हणमंतराव ओशाळून म्हणाले.

“मीही,” शामराव म्हणाले आणि दोघांनाही हसू फुटलं.

“खरं सांगू? कितीदा आलो, पण काडीचा फरक नाही,” हणमंतराव कुजबुजले.

“मग उठा, खऱ्या डॉक्टरकडे जाऊ.”

तिथे दोघांनाही मधुमेह निघाला; ताकद गेली होती ती त्यामुळेच. औषधं सुरू झाली, रोज सकाळी जोडीनं फिरणंही सुरू झालं.

“यांची एवढी गट्टी कशी जमली?” मुलं विचारतात. दोघी विहिणी एकमेकींकडे बघून गालातल्या गालात हसतात.