उरलेलं लिंबू

दिंडोरीच्या द्राक्षबागेत कारमागे ओढत आणलेली नवी कॅरॅव्हॅन लावून संतोष आत पाय पसरून बसला. ती तिरकी तर नाही, हे बघायला त्यानं पूजेत चाकांखाली ठेवून उरलेलं लिंबू आतल्या फरशीवर ठेवलं होतं. बाहेर त्याची बायको उज्वला मातीत गुडघे टेकून जॅक फिरवत होती.

"घरंगळतंय अजून! बाईच्या जातीला एक काम धड जमेल तर शपथ!"

शेजारच्या तंबूतली माणसं वळून बघायला लागली. तिनं दातओठ खात जॅक आणखी फिरवला.

"हां, आता जागचं हलत नाही. चहा टाक."

उज्वला आत आली. तिनं लिंबू उचललं, बाहेर कॅरॅव्हॅनपासून सोडवून ठेवलेल्या कारच्या चाकाखाली ठेवलं आणि ते फचकन चिरडून एकटीच नाशिकच्या रस्त्याला लागली.