सुताराचा बोर्ड

माझ्या लेकीला, ओर्लाला, चेंडू पायावरून उडवून परत हातात झेलायला शिकवलं ते मॅलकीनं. इथं अमेरिकेत, आमच्या योंकर्स शहरातल्या आयरिश क्लबातल्या सगळ्याच पोरींना त्यानंच गेलिक फुटबॉल शिकवला. पेशानं सुतार, आणि कुणाच्याही कामाला नाही म्हणत नाही. निवडणुकीच्या वेळी माझ्या अंगणातला 'घुसखोरांना हाकला!' हा बोर्डसुद्धा त्यानंच ठोकून दिला होता.

यंदा पोरींची टीम आयर्लंडला खेळायला निघाली, तीही थेट मॅलकीच्या गावी. आणि शेवटच्या सरावाला हा शांतपणे सांगतो, "मी येत नाही."

माझं डोकंच फिरलं. सगळ्या आईबापांसमोर मी त्याला धरला. "लाज वाटते का रे? माझा जन्म इथला, तरी मला त्या मातीची ओढ आहे. आणि तू? तुझी आई तिथं अंथरुणाला खिळलीय, पोरी तिच्या दारात खेळणार, आणि तुला इथली फर्निचरची चार कामं सुटत नाहीत? कसला रे आयरिश तू?"

तो चेंडू पिशवीत भरत राहिला.

"अरे, बोल की!"

त्यानं पिशवीची दोरी आवळली.

"गेलो तर मला परत येऊ देणार नाहीत, गेरी. एकोणीस वर्षं झाली, माझ्याकडे व्हिसा नाही."

 

त्यानं पिशवी खांद्यावर टाकली. "तुझा तो बोर्ड माझ्यासाठीच होता. तरी सरळ ठोकून दिला ना?"