मेन स्विच

"पंखा बंद कर!" माझा मुलगा निरंजन भिंतीवरच्या स्पीकरवर ओरडला. पंखा आणखीच जोरात फिरू लागला.

त्याच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत चालली होती. दिवे, पंखे, पडदे सगळं तोंडी हुकमावर चालतं, म्हणून त्याने भिंतीवर एकही बटण ठेवलं नव्हतं. आता पडदे आपोआप उघडत-मिटत होते आणि होमातल्या ठिणग्या गुरुजींच्या उपरण्यापर्यंत उडत होत्या. निरंजन मोबाइलवर बोटं आपटत होता. सून त्या यंत्राला इंग्रजीत विनवत होती. व्याह्यांनी तर "अहो, जरा ऐका ना" म्हणूनही पाहिलं.

मला हसूच फुटलं. यंत्रं बिथरल्याचा एकही सिनेमा मी सोडलेला नाही. प्रत्येकात हेच चालतं. शहाणीसुरती माणसं यंत्राशी वाद घालत बसतात आणि मी खुर्चीतून ओरडते, "अरे मेल्यांनो, आधी वीज तोडा!" घरचे म्हणतात, या वयात कसले हे पोरकट सिनेमे!

मी पदर खोचला, दारामागची पेटी उघडली आणि मेन स्विच खाली ओढला. पंखा थांबला. गुरुजींनी पळीभर तूप सोडलं आणि ज्वाळा सरळ उभी राहिली.

संध्याकाळी निरंजनने आपणहून माझ्यासाठी टीव्हीवर अंतराळयानाचा सिनेमा लावला. यानाचा संगणक बिथरला, कप्तान त्याची समजूत काढू लागला आणि मी तोंड उघडायच्या आत अख्खं घर ओरडलं, "अरे मेल्या, आधी वीज तोड!"