आठव्या दिवसाची पाहणी

रुपचंद नानांनी पेन खाली ठेवलं.

"म्हणजे नुसतं दाखवायला टोचायचं," ते म्हणाले.

समोरचे डॉक्टर तरुण होते. महिन्यातून एकदा मुंबईहून धुळ्याला येत. त्यांनी पुन्हा समजावून सांगितलं. कातडीच्या या काळ्या कॅन्सरवर नवी लस निघाली आहे, पण अजून तिची परीक्षा चालू आहे. निम्म्या लोकांना लस मिळेल, निम्म्यांना मिठाचं पाणी. कोणाच्या सुईत काय आहे ते डॉक्टरांनाही कळणार नाही.

"सक्ती नाही, नाना. बाहेर बसा. विचार करा."

नाना लंगडत बाहेर आले आणि बाकावर टेकले. तळपायावरचा काळा डाग त्यांनी बाभळीचा काटा मोडला असेल म्हणून दोन वर्षं अंगावर काढला होता. डाग कापला, मग जांघेत गाठ आली. तीही कापली. आता ही लसच काय ती उरली होती, आणि तिच्यातही अर्ध्यांच्या वाट्याला पाणी.

शेजारी सुगंधाबाई बसली होती. वय चाळिशीच्या आतलं, टाचेला पट्टी. आजार तोच, हातातला कागदही तोच. मघापासून ती नानांकडेच बघत होती.

"तुम्ही शिरपूरना देवीवाला नाना शेतस ना?"

नानांचा चेहरा उजळला. त्या नावाने कोणी हाक मारून वीस वर्षं झाली होती.

अडुसष्ट सालचा हिवाळा. देवीची लस टोचायला नाना सातपुड्याच्या पायथ्याची गावं पालथी घालत. रस्ता संपला की सायकल सोडायची आणि पायी निघायचं. खांद्याला खाकी पिशवी, तीत लशीच्या कुप्या आणि दोन टोकांच्या सुया. ते गावात शिरले की दारं लागत. पोरं कणगीत लपत, कडब्याच्या गंजीमागे लपत. मग नाना पारावर बसत, डावी बाही वर करत आणि सगळ्यांसमोर आधी स्वतःला टोचून घेत. हळूहळू दारं उघडत. दुपारी कोणीतरी कळण्याची भाकरी अन् ठेचा आणून देई. आठव्या दिवशी पाहणीला परत जायचं. हातावर फोड आला असला म्हणजे लस लागली. ते फोड बघताना नानांना पेरलेलं उगवून आल्यासारखं वाटे.

"तुम्ही सही करशात ते मी अंगठा देसू," सुगंधाबाई म्हणाली. "तवय बी पहिले तुम्हीच टोची लिधं. मंग मी हात पुढे कया."

नानांचं तोंड उतरलं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी हे बायकोलाही सांगितलं नव्हतं.

"पोरी, ती सुई कोरडी व्हती. माले आधीच टोचेल व्हतं. लस मोजकी ये. मना हातवर वाया कसाले घालवू?"

सुगंधाबाई हसली.

"माले माहीत शे, नाना. आठवा रोजले तुम्ही फोड देखाले उनात. बठ्ठा पोरेस्ना हातले फोड. तुम्ही खाले वाकनात, बाही वर सरकनी. तुमना हात कोरा."

नानांनी मनात वर्षं मोजली. तेव्हा ती दहा वर्षांची असेल.

"मंग कोनले सांगं का नही?"

"पुढला गावमा पोरे बाकी व्हतात ना."

मग नाना भिंतीला धरून उठले, आत गेले आणि कागदावर सही केली. मागोमाग सुगंधाबाईने आपल्या कागदावर अंगठा उठवला.

नर्सने ट्रे आणला. त्यात दोन इंजेक्शनं होती, एकसारखी. कशात लस, कशात पाणी, हे या वेळी नानांनाही ठाऊक नव्हतं. ते थबकलेले पाहून सुगंधाबाईने आधी आपला हात पुढे केला. तिचं झालं तशी नानांनीही डावी बाही वर गुंडाळली.

दंडावर कापूस दाबून दोघं बाहेर आले.

"आते आठवा रोजले, नाना," ती म्हणाली, "तुमना हात मी देखसू."