आन्सेल्मोचे चार किलोमीटर

"माझी सायकल," आन्सेल्मो सेली म्हणाला आणि त्याने दुकानाच्या भिंतीकडे बोट दाखवलं. "आज माझा विक्रम मोडणार. नाही मोडला, तर ती तुझी."

दुकानातली माणसं वळून बघू लागली. सकाळपासून पैजा लागत होत्या. कुणी बिअरचा खोका लावला होता, कुणी कोंबडी. पण ती सायकल कधी भिंतीवरून खाली उतरली नव्हती.

एर्मेस खाटकाने हातातला ग्लास खाली ठेवला. "स्वतःच्याच विरुद्ध लावतोस?"

"लावतोय. तू तुझी कालवड लाव."

"लावली," एर्मेस म्हणाला. "तो विक्रम कुणाला मोडता येत नाही. मला विचार."

आन्सेल्मोची बायको ओतिलिया कॉफी गाळत होती. "ह्यांना ऊन लागलंय," ती म्हणाली. सगळे हसले.

त्या दिवशीची शर्यत घड्याळाशी होती. खालच्या पुलावरून दर दोन मिनिटांनी एकेक स्वार सुटायचा आणि एकट्याने अठरा किलोमीटर चढून गावात पोचायचा. तेवीस वर्षांपूर्वी आन्सेल्मोने ही चढण सत्तेचाळीस मिनिटं वीस सेकंदांत पार केली होती. त्या जोरावर त्याला मोठ्या संघात जागा मिळाली. सहा वर्षं तो युरोपात शर्यती खेळला, मग परत येऊन त्याने दुकान टाकलं. वाटेतल्या देवळापासून गावापर्यंतचा रस्ता सगळ्यात उभा. त्याला बोयाका प्रांतभर 'आन्सेल्मोचे चार किलोमीटर' म्हणत. नगरपालिकेने तशी पाटीसुद्धा लावली होती. मधल्या काळात तीन राष्ट्रीय विजेत्यांनी त्या चार किलोमीटरवर हात टेकले होते.

सगळ्यात शेवटी दुवान पिराबान सुटला. पलीकडच्या वाडीतला, बटाटे लावणाऱ्याच्या घरचा, बावीस वर्षांचा. इटलीच्या एका संघाचा माणूस त्याला बघायला आला होता. जुना विक्रम मोडलास तर घेऊन जातो, असं त्याने सांगितलं होतं. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

देवळापाशी दुवान आन्सेल्मोच्या वेळेपेक्षा चाळीस सेकंद पुढे आहे, असं रेडिओने सांगितलं. आन्सेल्मोने गल्ल्याची कड दोन्ही हातांनी धरली होती. "चल, बाळा," तो पुटपुटत होता. "चल."

"आता तुझा रस्ता लागला," एर्मेस शांतपणे म्हणाला.

दुवानने शर्यत जिंकली. वेळ लागला सत्तेचाळीस मिनिटं एकोणतीस सेकंद. विक्रम नऊ सेकंदांनी राहिला.

दुकानात एकच कल्ला झाला. माणसांनी आन्सेल्मोला उचललं, त्याच्या डोक्यावर बिअर ओतली. तो रडत होता. पैज हरूनही माणूस आनंदाने रडतो, हे बघून सगळ्यांना त्याचं आणखी कौतुक वाटलं. ओतिलियाला मात्र ते रडणं ओळखीचं वाटलं नाही. ती फडकं घेऊन तशीच उभी राहिली.

बक्षीस घेऊन झाल्यावर दुवान दुकानात आला. अंगावरचा घाम वाळून पांढरा झाला होता. ओतिलियाने त्याला खोक्यावर बसवलं आणि गरम गुळाचं पाणी दिलं. ते त्याने हातात धरून ठेवलं.

"उस्ताद, एक विचारू?" तो म्हणाला. "देवळापर्यंत मी चाळीस सेकंद पुढे होतो. शेवटच्या चारात तुम्ही मला एकोणपन्नास सेकंदांनी मागे टाकलंत. कसं केलंत?"

सगळे ऐकायला जवळ सरकले. एर्मेस स्टुलावर चढून भिंतीवरची सायकल काढत होता. तोही थांबला.

"तो इटलीवाला काय म्हणाला?" आन्सेल्मोने विचारलं.

"पुढच्या वर्षी बघू म्हणाला. पण मला पुढचं वर्ष नाही, उस्ताद. याहून जोरात मला चढता येत नाही. आज सगळं ओतलं, आत काही उरलं नाही. सोमवारपासून वडिलांबरोबर शेतावर जाणार. फक्त तेवढं सांगा, म्हणजे मनाला लागून राहणार नाही."

आन्सेल्मो प्रत्येक पत्रकाराला एकच उत्तर द्यायचा. पहाटे चारला उठायचो, पाठीवर बटाट्याचं पोतं बांधून चढायचो. त्याने तोंड उघडलं. "पहाटे चारला..." एवढं बोलून तो थांबला. त्याने दुवानच्या हातांकडे पाहिलं. कप अजून तसाच भरलेला होता.

"दुधाचा ट्रक होता," तो म्हणाला. "देवळाच्या पुढे धुकं लागलं. माझ्या मागून येणारी पंचांची गाडी बंद पडली होती, बघणारं कुणी नव्हतं. मी ट्रकच्या मागच्या कडीला हात घातला, तो वेशीपर्यंत सोडला नाही."

रेडिओवर खताची जाहिरात चालू होती. ओतिलियाने तो बंद केला.

"तू त्या इटलीवाल्याला गाठ," आन्सेल्मो म्हणाला. "मी येतो बरोबर. त्याला मीच सांगतो."

दुवानला उठायला वेळ लागला. कप खाली ठेवून तो दारापर्यंत गेला आणि तिथून वळला.

"मग त्या वर्षी संघातली ती जागा कुणाची होती, उस्ताद? दुसरा कोण आला होता?"

आन्सेल्मो जमिनीकडे बघत राहिला. दुकानातले दोघे-तिघे म्हातारेही खाली बघू लागले.

एर्मेस स्टुलावरून उतरला. खांद्यावरची सायकल त्याने हळूच गल्ल्याला टेकवली.

"मी," तो म्हणाला.